जाहिरातीत नसलेली ‘ती मुलगी’ मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत ‘जाहिरातीत एक, रंगमंचावर दुसरीच’ अशा मथळ्याचं एक पत्र आलं होतं. नेरूळच्या एका बाईंनी लिहिलेलं. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात चारशे-चारशेची तीन तिकिटं काढून त्या यजमानांना आणि सासूबाईंना घेऊन नाटकाला गेल्या. जिच्यासाठी गेल्या ती अभिनेत्री आलीच नव्हती. तिच्या जागी ‘कोणीतरी मुलगी’ काम करत होती, ती कोण हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, आणि तिच्या साडीच्या निऱ्यासुद्धा धड नव्हत्या. ही प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक आहे, असं त्यांनी शेवटी म्हटलंय.

ती कोणीतरी मुलगी मी.

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी पेपरची घडी करून गादीखाली सारली. खोलीतल्या दोघींच्या हाती लागू नये म्हणून. चार दिवस तो तिथंच होता. काल काढून पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की या बाईंच्या तक्रारीतल्या बहुतेक गोष्टी माझ्याही तक्रारी आहेत. फक्त त्या प्रेक्षागृहाच्या बाजूने बघत होत्या आणि मी विंगेच्या. म्हणून हे पत्र.

मी मूळची मिरजेची. कॉलेजात एकांकिका केल्या, दोन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत सांगली केंद्रावर उभी राहिले, अभिनयाचं एक प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच्या जोरावर मुंबईला आले. इथं आल्यावर कळलं, मुंबईला येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ते प्रमाणपत्र असतं. डोंबिवलीत तिघींनी मिळून खोली घेतलीय. आठ महिन्यांपूर्वी या नाटकात लागले ती नटी म्हणून नाही, संगीत ऑपरेट करायला. डाव्या विंगेत खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर लॅपटॉप, शेजारी संहिता, आणि दारावरची बेल, पाऊस, कुकरची शिट्टी, दोन प्रवेशांमधलं संगीत असं सगळं ठरल्या शब्दावर सोडायचं. नाईट सातशे रुपये. (नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. प्रयोग भर दुपारी असला तरी नाईटच.)

बाराव्या की तेराव्या प्रयोगाला मॅनेजर चहा पिता पिता म्हणाले, ‘‘तुझं सगळं पाठ झालंच असेल आता. ताईंची अंडरस्टडी तू.’’ झाली नेमणूक. (ताई म्हणजे जाहिरातीतली ती अभिनेत्री.) रात्री आईला फोन करून सांगितलं तर तिनं विचारलं, ‘‘म्हणजे काय करायचं गं?’’ मी म्हटलं, ‘‘ताई आल्या तर काही नाही.’’ ‘‘आणि नाही आल्या तर?’’ यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण ते कुणी मलाही सांगितलं नव्हतं. तालीम नाही, कपड्यांचं माप नाही, जास्तीचे पैसे नाहीत.

अंडरस्टडी, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी उभं राहायला तयार ठेवलेला कलाकार, हा शब्द आपल्याकडे आहे तो असा, नावापुरता. वापरातला शब्द ‘रिप्लेसमेंट’. पण ती वेगळी गोष्ट. कुणी नाटक कायमचं सोडलं की दुसरा कलाकार घेतात, त्याच्या आठ-पंधरा दिवस तालमी होतात, जाहिरातीत त्याचा फोटो येतो, कधी कधी तर ‘नव्या संचात’ म्हणून त्याचंच कौतुक छापतात. सकाळी फोन आला आणि दुपारी उभं राहिलं, याला मात्र नाव नाही. याला म्हणतात ‘निभावून नेणं’.

वाशीच्या प्रयोगाच्या रविवारी फोन आला दहा चाळीसला. ताईंचं मालिकेचं शूटिंग घोडबंदर रोडला चालू होतं, आदल्या रात्री संपायचं ते लांबलं आणि त्यांना सोडेनात. प्रयोग साडेचारचा. मी त्यांना दोष देणार नाही. मालिकेवर घराचे हप्ते जातात आणि नाटकाच्या नाईटवर जात नाहीत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. उलट दोन शॉटच्या मधे त्यांनीच मला फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाल्या, ‘‘दुसऱ्या अंकात मी टेबलाशी जाऊन पाणी पिते ना, तिथं तू पण पी. संहितेत नाहीये ते. पण तो घोट घेतला नाहीस तर पुढचं अख्खं पान श्वास पुरत नाही. आणि काकांच्या डोळ्यात बघू नकोस, कपाळाकडे बघ, ते हसवतात.’’ अभिनयावरचं इतकं उपयोगी व्याख्यान मी कुठल्याही शिबिरात ऐकलेलं नाही.

अडीच वाजता पोचले. मंचावर सेट लागत होता, म्हणून तालीम मेकअप रूममध्ये. प्लास्टिकची खुर्ची म्हणजे दरवाजा, माझी बॅग म्हणजे देव्हारा. सासऱ्यांचं काम करणारे काका आणि नवऱ्याचं काम करणारा दादा, दोघं पॅन्ट-बनियनवर माझ्याबरोबर पान नि पान धावले. एक तास दहा मिनिटं. दिग्दर्शक सर पुण्यात होते. ते फोनवर म्हणाले, ‘‘नवीन काही करू नकोस. ती करते तसंच कर. टायमिंग हाललं तर बाकीचे पडतील.’’

तसंच करणं मला सोपं जाईल असं वाटलं होतं. बासष्ट प्रयोग ऐकले होते. तोंड उघडलं की ताईंचाच आवाज यायचा, त्यांचीच ती शेवटचा शब्द सोडून द्यायची लकब. काका थांबले. म्हणाले, ‘‘पोरी, ही कुणाची नक्कल करतेयस?’’ आता सर सांगतात तसंच कर, काका म्हणतात नक्कल नको. साडेचारला पाऊण तास उरलेला.

आणखी एक भानगड त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी हे नाटक बासष्ट वेळा पाहिलं ते डाव्या विंगेतून. म्हणजे कडेनं. ताईंचा डावा गाल, डावा खांदा, पाठ, हे मला तोंडपाठ. पण उजवीकडे स्वयंपाकघराच्या दारापाशी जी एक पायरी आहे, ती माझ्या खुर्चीवरून दिसतच नाही. ती आहे हे मला प्रयोगात कळलं. पायाच्या अंगठ्याला.

कपडेपटाच्या मावशींनी मला ताईंचा ब्लाउज घातला आणि पाठीमागून ओढत, दुमडत अकरा सेफ्टी पिना लावल्या. शेवटची लावताना म्हणाल्या, ‘‘श्वास जपून घे.’’ ताई माझ्यापेक्षा चांगल्या उंच आहेत. त्यामुळे साडी कमरेला भरपूर वर खोचावी लागली आणि निऱ्यांचा गोळा झाला. पहिल्या आणि दुसऱ्या प्रवेशाच्या मधे साडी बदलायची असते, विंगेत, अंधारात, चाळीस सेकंदांत. ताईंना सवय आहे. मावशींच्या तोंडात टॉर्च होता आणि माझ्या तोंडात पदर.

तिसरी घंटा झाली. नटराजापुढची उदबत्ती, रंगमंचाला हात लावून नमस्कार, सगळं केलं. आणि ध्वनिमुद्रित घोषणा सुरू झाली. आठ महिने ती मीच सुरू करत आले होते. निर्माते, लेखक, दिग्दर्शक, आणि मग कलाकारांत पहिलं नाव ताईंचं. प्रेक्षागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्या ऐकत मी दाराच्या मागे उभी.

दार उघडून आत गेले. एंट्रीला पुन्हा टाळी आली, ती साहजिकच ताईंसाठी. आणि मग ती टाळी हळूहळू थांबली. टाळी एकदम थांबली असती तर बरं झालं असतं. पुढच्या रांगांना आधी कळलं, मागच्यांना मग, बाल्कनीतलं कुणीतरी एकटंच दोन-तीनदा वाजवत राहिलं आणि ओशाळून थांबलं. तेवढ्या वेळात मी हातातली भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायची होती. ठेवली. आतलं एक वांगं घरंगळत खाली गेलं. पहिलं वाक्य होतं, ‘‘कुणी आहे का घरात?’’ हशा आला. संहितेत तिथं हशा नाही.

पुढे बेल. मी रंगमंचावर असल्यामुळे लॅपटॉपवर टेम्पोबरोबर आलेला एक मुलगा बसवला होता. म्हणजे माझ्याही जागी बदली! ‘‘हेच ते आले असतील’’ या शब्दावर बेल वाजली पाहिजे. मी म्हटलं, ‘‘हेच ते आले असतील.’’ काही नाही. मी दाराकडे बघतेय, दार माझ्याकडे बघतंय. ऑपरेटरची सवय, मनात सेकंद मोजले: एक, दोन, तीन, चार. बेल वाजली आणि त्याच्या मागोमाग कुकरची शिट्टी, जी अकरा पानांनंतरची आहे.

पहिल्या अंकात मी अर्धं पान उडवलं. उडवलं हे मला काकांच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हणजे चेहरा अजिबात बदलला नाही, त्यावरून. ते शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, ‘‘आणि दवाखान्यात काय झालं, ते सांगितलंच नाहीस.’’ हे वाक्य कुठल्याही संहितेत नाही. मी त्या दोरीला धरून परत आले. त्या बाईंनी पत्रात याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे त्यांच्या लक्षात आलं नसावं. काकांची पस्तीस वर्षं या धंद्यात गेलीत ती अशासाठी.

दुसऱ्या अंकात मी टेबलाशी जाऊन पाणी प्यायले. श्वास पुरला. पिनांपैकी एक उघडून पाठीत टोचत होती, तिनं मला रडायला मदत केली, हेही प्रामाणिकपणे सांगते. आणि एका जागी, जिथं ताईंच्या वेळी प्रेक्षागृह नेहमी गप्प असतं, तिथं हलकासा ‘अरेरे’ असा आवाज आला. मी काय वेगळं केलं ते मला अजून सापडलेलं नाही. त्यानंतर आरशासमोर ते वाक्य कितीदा तरी म्हणून पाहिलं.

मध्यंतरात दहा-बारा जण पैसे परत मागायला तिकीट खिडकीवर गेले. मॅनेजरांनी त्यांना ‘‘अहो, बघा तरी, मुलगी चांगली करतेय’’ असं सांगितलं म्हणे. कौतुक म्हणून ते मला नंतर सांगण्यात आलं. पण साडेचारच्या आधी, दारातल्या फलकावर, माझं नाव खडूनं का होईना लिहावं, असं कुणाला वाटलं नाही. मी विचारलं होतं. मॅनेजर म्हणाले, ‘‘लिहिलं की ऐनवेळी तिकीट काढणारे, करंट बुकिंगवाले, तिथूनच परत जातात. आणि तुझं नाव लिहून काय उपयोग? तुला ओळखतंय कोण?’’

यातला दुसरा मुद्दा तिथल्या तिथे मनाला लागला. पहिल्याचा मी विचार करत राहिले, कारण तो खोटा नाही. नाट्यगृहाच्या तारखा कित्येक महिने आधीच्या वाटपात मिळतात. प्रयोग रद्द केला तर ती तारीख गेली, भाडं गेलं, पेपरातली जाहिरात गेली, टेम्पो आणि बस ठरलेली असते. बाकीचे कलाकार, सेट लावणारे, प्रकाशवाले, मेकअपचे दादा, कपडेपटाच्या मावशी, यांची त्या दिवसाची नाईट बुडते. मावशींची तर बुडायलाच नको. तेव्हा प्रयोग व्हायलाच हवा, याबद्दल मॅनेजरांचं आणि माझं एकमत आहे. पण प्रयोग करणं वेगळं आणि लपवून करणं वेगळं.

माझी एक मैत्रीण लंडनला शिकायला आहे. तिनं तिथल्या एका नाटकाची पुस्तिका आणली होती. पुस्तिकेत एक बोटभर चिठ्ठी घातलेली: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका अमुक कलाकार करतील. बस. तिथं अंडरस्टडीला नाटक सुरू असतानाही नेमानं तालमी देतात, आणि त्याचं नाव पुस्तिकेत आधीपासून छापलेलं असतं. म्हणजे एखाद्या दिवशी तो उभा राहिला तर तो कुठून तरी पकडून आणलेला नसतो. तिथले पैसे, तिथली तिकिटं, तिथल्या संघटना यांची बरोबरी आपल्याशी करत नाही. पण चिठ्ठीला किती कागद लागतो?

आणि बदलीची लाज आपल्याच रंगभूमीला कधीपासून वाटायला लागली? १९०१ साली स्त्री-भूमिकांसाठी गाजलेले गायक-नट भाऊराव कोल्हटकर गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांची जागा रिकामी झाली. १९०५ साली आमच्या मिरजेत नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, त्याच मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. त्या दिवशी प्रेक्षागृहात भाऊरावांच्या आठवणीनं नाक मुरडणारं कुणी नसेल असं होणार नाही. त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याइतकी मी खुळी नाही. मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह आहे आणि आमच्याकडे त्यांचं नाव कान पकडून घेतात. सांगायचं इतकंच, की कोण उभं राहतंय हे तेव्हा लोकांना माहीत होतं. नाटक मंडळी एका बिऱ्हाडात राहायची, महिन्याच्या पगारावर असायची, धाकटी पोरं थोरल्यांच्या नकला ऐकत मोठी व्हायची, त्यामुळे आतून माणूस तयार होत राहायचा. आता आम्ही सगळे नाईटवर. आपापल्या लोकलनं येतो आणि शेवटची लोकल पकडून जातो. तयार व्हायचं तर कधी आणि कुणाच्या पैशानं, हा खरा पेच आहे, आणि तो एका मॅनेजरला सुटणार नाही, हेही मला समजतं.

तरी काही गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. फलकावर नाव. घोषणेनंतर एक जिवंत माणूस पडद्यापुढे येऊन सांगेल, आज अमुक ऐवजी अमुक. ज्यांना नाटक बघायचंच नाही त्यांना पडदा उघडायच्या आधी तिकिटाचे पैसे परत. त्या दहा-बारा जणांचे चार-पाच हजार झाले असते, मध्यंतरात भांडून त्याहून जास्त गेलं. आणि अंडरस्टडी नेमलात तर महिन्यातून एकदा तरी, सेट लागलेला असताना, तासभर त्याला मंचावर उभं करा. उजवीकडे पायरी आहे हे तरी कळेल.

एक विनंती आपल्यालाही. आपल्या पानावर नाटकांच्या जाहिराती येतात, चौकटीत मुख्य कलाकारांचे चेहरे आणि खाली ‘रवि. दु. ४.३०’. संस्थांनी दिलं तर त्याच चौकटीत शेवटी बारीक टायपात एक ओळ, पर्यायी कलाकार म्हणून, आपण घ्याल का? त्या ओळीचे वेगळे पैसे न घेता? नेरूळच्या बाईंसारख्या वाचकाला निदान अंदाज तरी राहील, की असं होऊ शकतं.

त्या रात्री मला पाकिटात पंधराशे रुपये मिळाले. संगीताचे सातशे मिळाले नाहीत, कारण संगीत मी केलं नव्हतं. ते त्या टेम्पोबरोबरच्या मुलाला दिले. बरोबरच आहे. पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावी प्रयोग होता, ताई आल्या होत्या, मी पुन्हा डाव्या विंगेत. ‘हेच ते आले असतील’ म्हटल्यावर बेल वेळेवर वाजली. ताईंनी टेबलाशी पाणी पिता पिता माझ्याकडे एक क्षण बघितलं. कपाळाकडे.

बाईंना उत्तर द्यायचं तर नाव सांगून द्यायला हवं, हे मला कळतं. आख्खं पत्र नाव लावावं म्हणून लिहिलंय. पण नाव छापलंत तर नाटकाचं नाव आपोआप कळेल, मग संस्थेचं, आणि मग त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. म्हणून नाव आपल्या माहितीसाठी सोबतच्या चिठ्ठीत दिलंय. कृपया छापू नये.

आपली,
एक संगीत ऑपरेटर, डोंबिवली (पूर्व)

ता. क. निऱ्यांबद्दल त्यांचं म्हणणं मान्य आहे. सासूबाईंना नाटक कसं वाटलं, ते पत्रात आलेलं नाही. शक्य असेल तर विचारून कळवावं.